बोटं टेकवा, दाबू नका

आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ती कशासाठी आहे, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही. पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या कपबशीसारखी ती होती. घरच्यांनी फक्त पुसायची.

मी त्या खोलीत पहिल्यांदा गेले ती कामासाठी. आमचा गाद्या-उशांचा धंदा. सासऱ्यांनी सुरू केला, नवऱ्याने कसाबसा टिकवला आणि तो गेल्यावर मी वाढवला. ज्याला शंका असेल त्याने आमच्या गादीवर एक झोप काढून बघावी. तर शाळेतून मुख्याध्यापकांचा, म्हणजे सगळे ज्यांना मोठे सर म्हणतात त्यांचा निरोप आला, की कॉम्प्युटरना खोळी शिवायच्या आहेत, मापं घ्यायला या.

गेले. दारातच चपला काढायला लावल्या. आत जाड पडदे, खाली गालिचा, भिंतीला लागून टेबलांची रांग आणि टेबलांवर कॉम्प्युटर. कारखान्यातून येताना अंगावर असतो तो पातळ प्लॅस्टिकचा कागदसुद्धा कुणी काढला नव्हता. मी टेप लावून मापं घेत होते आणि मोठे सर मागे हात बांधून माझ्याबरोबर फिरत होते, जणू मी त्यातला एखादा पदराखाली घालून नेणार.

"धूळ हा यांचा पहिला शत्रू, आजी," ते म्हणाले.

"आणि दुसरा?"

"मुलं," असं म्हणून ते हसले. मीही हसले. मला वाटलं, माणूस गंमत करतोय.

खोळी मी जीव लावून शिवल्या. जाड कापड, आतून मऊ अस्तर, कडेला दुहेरी शिवण, मागे वायरींना वाट. त्या खोळींना आजही कुणी नाव ठेवू शकणार नाही, आणि पुढे जे झालं त्यात खोळींचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझी नात त्याच शाळेत. कागदावर तिचं नाव भारदस्त आहे, पण जन्मली तेव्हा मुठीएवढी होती आणि तेव्हापासून एका जागी ठरली नाही, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, ट्रक चालवतो, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. आई माझ्याबरोबर दुकानात. मुंगी शाळेतून आली की कापड बेतायच्या टेबलापाशी बसायची आणि डोळे मिटून टेबलावर बोटं नाचवायची. आवाज नाही, काही नाही. भाता न हलवता पेटी वाजवावी तसं.

"काय गं हे?" मी विचारलं.

"टायपिंग, आजी. बाई म्हणतात मी वर्गात सगळ्यात फास्ट आहे."

शिकवायची पद्धत अशी होती. कॉम्प्युटरच्या बाई, कंत्राटावर लागलेली एक बारीक आवाजाची पोर, फळ्यावर बटणांचं चित्र काढायच्या. ते पाठ करायचं. मग तासाच्या शेवटी ओळीने त्या खोलीत जायचं, चपला बाहेर काढून, हात रुमालाला पुसून. खोळी निघायच्या, यंत्र बंदच राहायचं. बाई एकेक अक्षर म्हणायच्या आणि मुलांनी त्या अक्षरावर बोट न्यायचं. भिंतीवर मोठ्या सरांच्या हस्ताक्षरात नियम लावला होता: बोटं टेकवा, दाबू नका. दाबून दाबून बटणं सैल होतात आणि अक्षरं पुसली जातात म्हणे.

शाळेत कुणी पाहुणा आला की मुंगीला वर्गातून बोलावून घ्यायचे. ती बंद यंत्रासमोर बसायची, पाहुणा एखादं वाक्य सांगायचा आणि तिची बोटं त्या बटणांवरून पाण्यावरच्या किड्यासारखी सरसर जायची. एकही बटण खाली जायचं नाही. पाहुणे टाळ्या वाजवायचे. पालकांच्या कार्यक्रमात मीही वाजवल्या. मला काय कळतंय त्यातलं, आपल्या पोरीचे हात चालताहेत एवढं दिसत होतं.

मुंगीला रक्त तपासायचं शिकायचं होतं. दवाखान्यात सुई टोचताना सगळी पोरं तोंड फिरवतात, ही वाकून बघायची. नळीत घेतलेलं रक्त पुढे कुठे जातं, त्यात बघतात काय, असं विचारून नर्सचं डोकं खायची. शाळा संपल्यावर तिने मोठ्या इस्पितळाच्या वर्गाला अर्ज केला. तिथे जागा थोड्या, म्हणून परीक्षा, आणि परीक्षा कॉम्प्युटरवर. आम्ही निर्धास्त होतो. कॉम्प्युटर म्हणजे तर आमच्या पोरीच्या हातचा मळ.

परीक्षेहून आली ती थेट दुकानात. बाहेरची चप्पलसुद्धा न काढता कापसाच्या ढिगाला टेकून बसली. तिचा बाप दारातच उभा राहिला. मी सुनेकडे बघितलं, सुनेने हातातली सुई खाली ठेवली.

"बोल," मी म्हटलं.

"आधी नाव टाईप करायचं होतं, आजी. मग नंबर. मग प्रश्न उघडतात."

"मग?"

"मी केलं. स्क्रीनवर काही आलंच नाही. मला वाटलं मशीनला वेळ लागतोय. बाई सांगायच्या, मशीनला घाई करायची नाही. म्हणून हात मांडीवर ठेवून थांबले."

"किती वेळ?"

"खूप. बाकीच्यांचे प्रश्न सुरू झाले होते. मग तिथले सर आले आणि म्हणाले, झोप लागली का ताई. मी म्हटलं, मी नाव टाईप केलंय. ते म्हणाले, कुठे, हवेत? मी करून दाखवलं. ते बघतच राहिले. म्हणाले, अगं, दाब की."

तिचा बाप दारातून आत आला.

"मग दाबलं," मुंगी म्हणाली. "जोर लावून दाबलं आणि धरून ठेवलं. तेच अक्षर ओळभर पळत गेलं. सगळे वळून बघायला लागले. खोडायचं बटण कुठे आहे ते मला झोपेतही सांगता येतं. ते दाबलं, तर सगळंच गेलं. नीट जमेपर्यंत वेळ संपत आला होता. मला उत्तरं येत होती, आजी. सगळी येत होती."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिचा बाप म्हणाला, "जाऊ दे, नशीब."

"नशिबाला कशाला मधे ओढतोस," मी म्हटलं. "नशिबाने भिंतीवर पाटी लावली नव्हती."

इस्पितळाचा एक नियम बरा होता. पहिल्यांदा राहिलेल्यांना पुढच्या महिन्यात एकदा परत बसता येत होतं. एकदाच. म्हणजे महिनाभर पोरीला बटणं दाबायला मिळाली की झालं. पण कुठे? मोबाईलवर ते होत नाही, काचेवर बोट फिरवणं वेगळं. पूर्वी बाजारात कॉम्प्युटरचं दुकान होतं, तासावर बसायला मिळायचं. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि ते बंद पडलं. आता तिथे कुलपं विकतात. राहिली शाळा.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांच्या खोलीत जाऊन बसले. त्यांनी चहा मागवला. मी नको म्हटलं. भांडायला आलेल्या माणसाने चहा घेऊ नये, मग आवाज चढवायला जड जातं.

"वाईट झालं," सर म्हणाले. "पण आजी, घाबरून होतं असं मुलांचं. शाळेने तर तिला उत्तम तयार केलं होतं."

"तुम्ही तिला पोहायला शिकवलंत, सर. गालिच्यावर."

"आता बघा, इतकी वर्षं झाली, एका यंत्राला ओरखडा नाही. दुसऱ्या शाळांमध्ये जाऊन बघा काय अवस्था आहे."

"त्या शाळांच्या पोरांना नाव तरी लिहिता येत असेल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. शिकलेल्या माणसाला उत्तर सुचेना की तो चष्मा पुसतो. आमच्यासारखे नाक पुसतात, फरक एवढाच.

"तुमचं म्हणणं काय आहे?"

"संध्याकाळी खोली उघडा. शाळा सुटली की ती नुसतीच पडून असते. माझी नात येऊन बसेल."

"ती आता शाळेची विद्यार्थिनी नाही. बाहेरच्यांना परवानगी देता येत नाही. एकाला दिली की उद्या सगळे येतील."

"येऊ देत की. त्यांचीच शाळा आहे ना?"

"आणि मोडलं तर जबाबदार कोण? तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, आजी."

"आजी मी माझ्या नातीची," मी म्हटलं. "तुमचं आणि माझं नातं गादीवाली आणि गिऱ्हाईक एवढंच. आणि गादीवाली म्हणून सांगते, जी गादी कुणी वापरत नाही तीच आधी कुबट होते. ती यंत्रं चालतात तरी का?"

"चालतात म्हणजे? नवी कोरी आहेत."

"शेवटची कधी चालू केली होती?"

सरांनी दाराकडे बघितलं. दारात कॉम्प्युटरच्या बाई हजेरीचं काहीतरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खाली बघितलं. मला उत्तर मिळालं.

त्या आठवड्यात पालकांची सभा होती. नात शाळेतून बाहेर पडली असली तरी मी गेले, कुणी अडवलं नाही. या सभेत एरवी आम्ही माना हलवतो आणि बिस्किट खाऊन घरी येतो. या वेळी मी उभी राहिले आणि म्हणाले, आपल्या मुलांचे कॉम्प्युटर एकदा चालू करून दाखवा, आम्ही डोळे भरून बघतो आणि जातो. मागून रंगारी म्हणाला, "हो हो, दाखवा." त्याची मुलगी नववीत. मग वायरमन म्हणाला, मग फळवाली. सर म्हणाले आज वेळ नाही. फळवाली म्हणाली, "आम्हाला आहे, सर. आम्ही गाड्या लावूनच आलोय."

सगळे चपला काढून आत गेलो. बाईंनी खोळी काढल्या आणि एकेक यंत्र चालू केलं. पहिलं लागलं नाही. दुसरं घरघरलं आणि गप्प झालं. तिसऱ्याचा पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. वायरमनने एकाची मागची पत्र्याची बाजू उघडली, तर आत उंदराने घर केलेलं. मी लावलेल्या मऊ अस्तराच्या चिंध्या ओढून त्याने छान गादी घातली होती. खोळ मात्र वरून जशीच्या तशी. ओळीच्या शेवटापर्यंत गेलो तेव्हा चारच जिवंत निघाले.

वाईट वाटत होतं खरं. आपल्या दारावरून वाजतगाजत शाळेत आलेली वस्तू होती ती. आणि जपून जपून मारली.

"ओरखडा नाही," रंगारी म्हणाला, "तेवढं मात्र खरं."

सर पांढरे पडले होते. अशा वेळी माणूस नरम येतो. त्यांनी सांगितलं, चार यंत्रं संध्याकाळी उघडी ठेवू, पण जबाबदार माणूस म्हणून तुम्ही स्वतः तिथे बसायचं, आजी. तुम्ही नसाल त्या दिवशी कुलूप. त्यांना वाटलं असेल, म्हातारी किती दिवस बसेल.

म्हातारी रोज बसली. उशांच्या खोळी शिवायला घेऊन जायचे, गालिच्यावर पाय पसरून बसायचे. गालिचा पहिल्यांदा कामाला आला. बाई शाळा सुटल्यावर थांबायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पगारात ते धरलेलं नव्हतं. मुंगी एका यंत्रावर, उरलेल्या तिन्हींवर ज्याला गरज असेल तो. आणि गरज किती असते लोकांना हे मला तिथे कळलं. पेन्शनवाले काका यायचे. त्यांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं, आणि आता ते कॉम्प्युटरवरून कळवायचं. "मी इथे उभा आहे, बोलतोय, खोकतोय," ते म्हणायचे, "याच्याहून अजून काय पुरावा पाहिजे?" फळवाली आपल्या परदेशातल्या मुलाचा चेहरा मोठ्या पडद्यावर बघायला यायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "वाळलास रे." रंगारी भिंतींचे रंग बघायचा. नववीतली पोरं तर रोज येऊन भांडायची, माझी पाळी, माझी पाळी.

मुंगी पहिले दोन दिवस बटण दाबताना इकडेतिकडे बघायची. चोरी करतोय असं तोंड.

"कुणी ओरडत नाही," मी म्हणायचे. "दाब."

"सवय नाही गं, आजी. बोट आपोआप थांबतं."

मला इतका संताप यायचा तेव्हा. एवढ्या वर्षांत पोरीच्या बोटांत त्यांनी काय भरलं तर भीती. पण पोर चिवट. आधी सावकाश, मग बरं, मग असं खडखड वाजायला लागलं की पत्र्यावर गारा पडाव्यात. आणि तिला मधेच उठावं लागायचं, कारण पेन्शनवाले काका हाक मारायचे, "मुंगीबाई, माझा बाण कुठे गेला?" ती जाऊन बाण शोधून द्यायची. सून कुरकुर करायची, "आई, तिचा अभ्यास राहतोय." मी म्हणायचे, दुसऱ्याला दाखवताना आपलं पक्कं होतं. हे मी माझ्या मनाने म्हणायचे, पण झालं तसंच.

मग एक दिवस पेन्शनवाल्या काकांच्या हातून चहा सांडला. मी आत चहा आणू नका म्हणून घसा फोडत होते, पण त्यांचं म्हणणं, चहाशिवाय डोकं चालत नाही. सगळा चहा बटणांत गेला. ती पाटी, म्हणजे कीबोर्ड, गेली.

सकाळी मोठ्या सरांनी खोलीला कुलूप घातलं. शिपायाने निरोप आणला तशी मी हातातलं टाकून गेले. बाई आधीच तिथे होत्या.

"मी म्हणालो नव्हतो?" सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, समाधान होतं. तेच मला जास्त लागलं.

"सर," बाई बारीक आवाजात म्हणाल्या, "बंद पडलेल्या मशीनचे कीबोर्ड आहेत ना. त्यातला एक लावता येईल."

"प्रश्न कीबोर्डचा नाही. शिस्तीचा आहे. एक मोडलं."

"एक मोडलं," मी म्हटलं. "पण ते कामावर असताना गेलं, सर. तुमची आधी गेलेली सगळी झोपेत गेली. त्यांचा हिशेब कुणी विचारायचा?"

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. सर त्यांना म्हणाले, "तुम्ही वर्गावर जा." त्या गेल्यावर सरांनी आवाज खाली आणला.

"हे बघा आजी, तुमच्या नातीचं नुकसान व्हावं अशी माझी इच्छा नाही. परीक्षा जवळ आली आहे. माझ्या ऑफिसात माझं स्वतःचं मशीन आहे. तिने दुपारी येऊन तिथे सराव करावा. एकटीने. तुम्ही तेवढं ते संध्याकाळचं प्रकरण वाढवू नका. लोकांना काय, तुम्ही शांत झालात की तेही शांत होतील."

मी उठून त्यांच्या तोंडावर नाही म्हणायला हवं होतं, असं ज्याला वाटतं त्याने आधी आपल्या नातवंडाचं नुकसान करून दाखवावं. परीक्षा मुंगीची होती, ताठा माझा. माझ्या ताठ्याची किंमत तिने का द्यायची? मी मान हलवली आणि बाहेर आले. दुपारी मुंगीला सरांच्या ऑफिसात पाठवलं.

"आणि बाकीचे?" तिने जाताना विचारलं.

"ते माझ्याकडे सोड. तू दाबत बस."

सर समजले, सौदा झाला. पण मी कशाला हो म्हटलं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. मी फक्त मान हलवली होती आणि या वयात माझी मान अधूनमधून हलतेच.

आता आमच्या शाळेची एक रीत सांगते. तिथे काहीही व्हायचं असलं की ते पालकांकडून होतं, तेही फुकटात. शाळेचा वाढदिवस तोंडावर आला होता. मोठा कार्यक्रम, शिक्षण खात्यातले वरचे साहेब येणार. म्हणजे भिंती रंगाऱ्याने रंगवायच्या, दिवे वायरमनने लावायचे, स्टेजवरच्या गाद्या-लोड आमच्या दुकानातून, पाहुण्यांची फळं फळवालीची. कुणी कधी तक्रार केली नव्हती. शाळा आपली म्हणून करायचो.

खोली उघडेपर्यंत कुणी कामाला हात लावायचा नाही, एवढं सांगत मी घरोघरी गेले. जास्त बोलावं लागलं नाही. रंगारी म्हणाला, "काकू, माझ्या पोरीला नुकतं नाव लिहायला यायला लागलंय. आता कुलूप?" वायरमन तर माझ्याही पुढे गेला. म्हणाला, "दिवे लावतो की. फक्त बटणं दाबणार नाही. टेकवून ठेवतो."

सर दुकानात आले तेव्हा मी गिऱ्हाइकाची गादी टाचत होते. सुनेने त्यांना बसायला स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"आजी, तुमचं-माझं ठरलं होतं."

"काय ठरलं होतं, सर?"

"तुम्ही हे लोकांना भडकवताय."

"भडकवायला ते काय चूल आहेत? त्यांना विचारा काय पाहिजे ते. खोली उघडा, उद्या भिंती रंगतात."

"आणि उद्यापासून मी तुमच्या नातीला माझ्या ऑफिसात येऊ दिलं नाही तर?"

सून उभी राहिली. तिला मी कधी कुणासमोर आवाज चढवताना बघितलं नाही, आणि त्या दिवशीही तिने चढवला नाही. ती म्हणाली, "मग ती संध्याकाळी सगळ्यांबरोबर बसेल, सर. खोली उघडलेली असेल ना तेव्हा."

मी सुनेकडे बघत राहिले. एवढी वर्षं ही माझ्या शेजारी बसून शिवते आहे आणि मला वाटायचं, हिला फक्त सुई चालवता येते.

सर निघून गेले. एक दिवस काही झालं नाही. त्या दिवशी मुंगीला ऑफिसातही घेतलं नाही आणि घरात मला कुणी काही म्हटलं नाही, पण जेवताना मुंगीची बोटं ताटाशेजारी नुसतीच नाचत होती. परीक्षा तोंडावर. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी मी शिवण घेऊन शाळेच्या व्हरांड्यात कुलपासमोर जाऊन बसले. मुंगी आली, पेन्शनवाले काका आले, नववीची पोरं आली. काका म्हणाले, "माझ्यामुळे झालं." मी म्हटलं, "तुम्ही जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा नाही. बसा." दुसऱ्या संध्याकाळी तसेच जाऊन बसलो, तर बाई जिन्यावरून किल्ली घेऊन आल्या. त्यांच्यामागे सर नव्हते.

"सरांनी दिली?" मी विचारलं.

"दिली," त्या म्हणाल्या. "भिंतींचं विचारत होते."

कीबोर्ड त्यांनी आधीच बदलून ठेवला होता.

मुंगी दुसऱ्यांदा परीक्षेला गेली तेव्हा मी दुकान बंद ठेवलं नाही, पण काय शिवलं ते विचारू नका. नंतर सगळं उसवावं लागलं. ती आली, या वेळी चप्पल काढून.

"काय झालं?"

"नाव टाईप केलं," ती म्हणाली. "आलं. मग बाकीचंही आलं."

निकालात तिचं नाव लागलं. वरच्या दहांत वगैरे नाही, खालून मोजलं तर लवकर सापडेल असं. पण लागलं. सुनेने देवापुढे नाही, आधी माझ्यापुढे हात जोडले. मी तिला म्हटलं, सरांना उत्तर तू दिलंस, मी नाही.

इथे खरं तर मी गप्प बसायला हरकत नव्हती. पण मोठ्या सरांनी बसू दिलं नाही. शाळेच्या फाटकावर मोठा फलक लागला. मुंगीचा फोटो, शेजारी सरांचा फोटो, आणि खाली लिहिलेलं: आमच्या सुसज्ज संगणक कक्षाची गुणी विद्यार्थिनी. चार यंत्रं चालतात त्या खोलीला सुसज्ज म्हणायला जीभ किती सैल लागत असेल. मुंगीचा सत्कार ठरला, त्याच वाढदिवसाच्या कार्यक्रमात, साहेबांच्या हस्ते, शाळेच्या हॉलमध्ये, आणि वेळ ठेवली संध्याकाळची. आमच्या खोलीची वेळ.

"आई, तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं," सून म्हणाली.

"मी नाही येत."

"अहो, असं काय करता? तिचं कौतुक आहे."

"तिचं आहे म्हणून तू जा, तिचा बाप जाईल, तिला जाऊ दे. तिने मान वर करून घ्यावं. मी गेले तर खोलीला कुलूप. माझ्याशिवाय उघडायची नाही, असं त्यांनीच ठरवलंय."

मुंगी म्हणाली, "एक दिवस बंद राहिली तर काय होईल, आजी?"

"एकाच दिवसापासून बंद पडत गेली होती ती," मी म्हटलं. ती हसली आणि नवा ड्रेस घालून गेली.

हॉल शेजारीच. भाषण भिंतीतून ऐकू येत होतं. मोठे सर सांगत होते की ही खोली आपण समाजासाठी खुली केली, हे आपलं स्वप्न होतं. माझ्या हातातला दोरा तुटला. पेन्शनवाले काका यंत्रावरून मान वळवून म्हणाले, "स्वप्न खरंच पडलं असेल त्यांना. ते झोपलेच होते." फळवालीचा मुलगा पडद्यावरून विचारत होता, आई, कसला आवाज येतोय? नववीच्या दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसून काहीतरी खडखडवत होत्या, रंगारी त्यांच्या मागे पाळीची वाट बघत उभा.

तेवढ्यात शिपाई दारात आला. घाईत होता.

"काकू, हॉलमध्ये माणसं जास्त झालीत. सरांनी इथल्या खुर्च्या मागितल्यात. साहेबांबरोबरचे लोक उभे आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काका उठायला लागले, जुनी सवय. मी त्यांना हातानेच खाली बसवलं.

"सरांना सांग," मी म्हटलं, "खुर्च्या आहेत. पण त्यांच्यावर माणसं बसलीत."

"साहेबांची माणसं आहेत हो."

"त्यांनाही सांग, काही काम असेल तर इकडे या. रंगाऱ्यानंतर त्यांचा नंबर लागेल."

शिपाई परत गेला. पलीकडे टाळ्या सुरू झाल्या होत्या, म्हणजे मुंगी स्टेजवर चढली असावी. मी नवा दोरा ओवला.